सर्पगंधेच्या गावी

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत मराठीत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. सर्पगंधेच्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या. झुडूप हात-दीड हात उंचीचे. त्याच्या मुळीला सर्पाचाच काय, म्हणण्यासारखा कसलाच गंध नाही. आहे तो कडूपणा. मुळी सापासारखी वेडीवाकडी असते म्हणून हे नाव, असे कोणी म्हणतात. सर्पविषावर ती देत असत म्हणून, असे दुसरे सांगतात. हिंदीत तिला ‘छोटा चांद’ म्हणतात, बिहारात ‘पगला की दवा’. शास्त्रीय नाव तर सर्वांवर कडी करणारे. राउवोल्फ नावाचा ऑग्सबर्गचा एक जर्मन वैद्य १५७३ साली वनस्पतींच्या शोधात निघाला तो अलेप्पो, बगदादपर्यंत पोचला आणि तिथूनच परतला. हिंदुस्थान त्याने पाहिला नाही. पुढे १७०३ मध्ये प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिज्ञाने अमेरिकेतल्या काही झाडांना त्याचे नाव दिले. आमच्या डोंगरातली ही मुळी त्याच कुळातली निघाली, म्हणून तीही ‘राउवोल्फिया’ झाली. सासरचे नाव लागावे, पण सासर कधी पाहिलेले नसावे, तसा हा प्रकार!

आमच्या घरात हे झुडूप शिरले ते अण्णांच्या रक्तदाबामुळे. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे. वडील अर्धांगाच्या झटक्याने गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माझ्या शाळेच्या वह्यांपासून एम. ए.च्या फीपर्यंत सारे अण्णांनी केले. गावच्या शाळेतून मास्तरकी करून निवृत्त झाले आणि आता घर, नारळ-पोफळी आणि भजनी मंडळ यांत असतात. गेल्या श्रावणात वहिनींचा फोन आला. “भावोजी, गणपतीला येताना तुमच्या त्या झाडपाल्याच्या प्राध्यापकांना घेऊन या. ह्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्यात. परसात कुणीसं झाड आणून लावलंय, त्याची मुळी कुटून घेतात. दाब उतरला म्हणतात. पण भावोजी, भजनाला जात नाहीत हो आता.”

शेवटचे वाक्य मला टोचले. अण्णा आणि भजन चुकवणार!

आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. कोकणातला गणपती त्यांनी पाहिलेला नव्हता. ते तयारच होते. दादरहून मध्यरात्री गाडी सुटली. गणपतीच्या गर्दीचे वर्णन मी करीत नाही. ज्यांनी तो प्रवास केला आहे त्यांना गरज नाही, आणि ज्यांनी केला नाही त्यांना ते खरे वाटणार नाही. मात्र अशा डब्यात ‘रक्तदाब’ हा शब्द उच्चारण्याची एक गंमत आहे. प्रत्येकाजवळ एकेक औषध निघते. चिपळूणचे एक गृहस्थ शेवग्याच्या पाल्यावर ठाम होते. समोरच्या बाईंनी अनशापोटी लसणीच्या दोन पाकळ्या सांगितल्या. वरच्या बाकावरून अर्जुनाच्या सालीचा काढा उतरला, आणि ज्याचा चेहराच गर्दीत दिसत नव्हता अशा एका आवाजाने रुद्राक्ष भिजवलेले पाणी सुचवले. माझे स्नेही सगळ्यांना “असं का!” म्हणत होते. नंतर हलक्या आवाजात मला म्हणाले, “लसूण, लाल अंबाडीची बोंडं, यांनी दाब थोडासा उतरतो असं अभ्यासांत दिसलंय. पण ती सारी अळणी मंडळी. तुमच्या भावानं हात घातलाय तो खऱ्या वाघाच्या गुहेत.”

आणि मग त्यांनी मला परळची गोष्ट सांगितली. दादर नुकतेच मागे पडले होते. तिथून परळचे के. ई. एम. रुग्णालय हाकेच्या अंतरावर. १९२६ पासून उभ्या असलेल्या या रुग्णालयात डॉक्टर रुस्तम जाल वकील हृदयरोग्यांना तपासत. वर्षानुवर्षे त्यांनी सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली पन्नास रोग्यांचा वृत्तान्त ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. हे काम मुंबईत आकाशातून पडले नव्हते. १९३१ सालीच कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढता रक्तदाब या दोहोंवर ही मुळी चालते असे लिहिले होते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून स्फटिकरूप द्रव्ये वेगळी काढून एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटले. पण साहेबाच्या घरचे दार वाजले ते परळहून. बोस्टनच्या डॉक्टर विल्किन्सनी वकिलांचा लेख वाचून तिकडे प्रयोग केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल गावी सीबा कंपनीच्या रसायनज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य पकडले, त्याचे नाव रिसर्पिन. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतले लास्कर पारितोषिक आणि पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळाले.

“पण खरी परीक्षा पुढे झाली,” माझे स्नेही म्हणाले. “१९६७ साली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुष निवडले. सगळ्यांचा खालचा दाब ११५ ते १२९. जवळजवळ निम्म्यांना तीन औषधं एकत्र दिली, त्यांतलं एक रिसर्पिन. बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. दिखाऊ गोळीवाल्यांपैकी सत्तावीस जणांना झटका, हृदयविकार असलं काहीतरी गंभीर झालं. औषधवाल्यांत फक्त दोघांना. रक्तदाब उतरवला तर माणूस वाचतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट सिद्ध झालं.”

खिडकीबाहेर अंधारात पनवेल गेले. मी वडिलांचा विचार करीत होतो.

गाव बांद्याच्या पुढे, गोव्याच्या हद्दीला लागून. सावंतवाडीला उतरून, मोती तलावाकाठी चहा घेऊन आम्ही एस. टी.ने पोचलो तेव्हा अण्णा ओटीवर माटवी बांधत होते. हरणे, कवंडळे, शेरवडे, सुपाऱ्यांचे घोस, सगळे जिथल्या तिथे. पण हात संथ चालत होते. “आलास? बस,” एवढेच म्हणाले. आवाज नाकातून येत होता, सर्दी झाल्यासारखा. एरवी माटवी बांधताना अण्णा आवाज लावत. शेजारचा मुलगा तबल्यासाठी डबा पुढे ओढी.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. प्राणप्रतिष्ठा, आरत्या, मोदक या सर्वांतून दुपारी सुटका झाल्यावर अण्णांनी स्वतःच विषय काढला. मास्तर होते ते. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्यापेक्षा फिर्यादी होणे त्यांना आवडते.

“मला एक सांगा प्रोफेसरसाहेब,” ते माझ्या स्नेह्यांना म्हणाले, “गोऱ्या साहेबानं मुळीची गोळी केली की ते औषध, आणि मी माझ्या परसातली मुळी कुटून घेतली की तो अडाणीपणा. हा न्याय कुठला? हजारो वर्षं आपले पूर्वज हेच घेत होते ना?”

प्रश्न सोपा नव्हता, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. या मुळीच्या बाबतीत तर साहेबाने आपल्याच घरातून नेलेली वस्तू आपल्याला विकली, हे म्हणणे बरेचसे खरे आहे. पण ‘हजारो वर्षे’ हा शब्द मराठीच्या प्राध्यापकाने सोडून द्यावा कसा? मी म्हटले, “अण्णा, रक्तदाब हा शब्दच काल-परवाचा. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायचं यंत्र इटलीत रिवा-रोचीनं केलं ते १८९६ साली. पूर्वजांनी ही मुळी दिली असेल ती झोपेसाठी, वेडासाठी, सापासाठी. जे मोजताच येत नव्हतं ते उतरलं, हे त्यांना कळणार कसं?”

अण्णा काही बोलले नाहीत. माझे स्नेही एवढ्यात उठून परसात गेले होते. ते हातात एक डहाळी घेऊन परतले.

“हे कोणी दिलं तुम्हांला?”

“बाजारात एक जण बसतो, त्यानं.”

“पानं बघा. एकेका पेरावर चार, आणि चारही लहानमोठी. फुलं बारीक, मळकट पांढरी. फळ आधी लाल, मग काळं. ही सर्पगंधा नव्हे. ही तिची अमेरिकेतली बहीण, राउवोल्फिया टेट्राफायला. आपल्याकडे येऊन रानटी झाली आणि खऱ्या मुळीत भेसळ म्हणून विकली जाते. रिसर्पिन हिच्यातही आहे, म्हणून तुमचा दाब हलला असेल. पण बाकीची द्रव्यं वेगळी, त्यांचं प्रमाण वेगळं.” मग त्यांनी विचारले, “घेता किती?”

“अर्धा चमचा. रात्री.”

माझ्या स्नेह्यांनी माटवीखालचा पुठ्ठ्याचा तुकडा ओढला आणि पेन्सिलीने हिशेब मांडला. अर्धा चमचा म्हणजे धरा एक ग्रॅम. खऱ्या सर्पगंधेतसुद्धा रिसर्पिन साधारण हजारात एक ते दोन भाग असते. झाड कुठले, किती वर्षांचे, कोणत्या महिन्यात खणले, मुळीची साल किती आणि आतले लाकूड किती, यांवर ते बदलते. म्हणजे एका ग्रॅमला एक ते दोन मिलिग्रॅम. आणि डॉक्टर रिसर्पिन देतात तेव्हा दिवसाला पाव मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत.

अण्णांनी आयुष्यभर त्रैराशिके घातली. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, उत्तर दोनदा पडताळले. “म्हणजे चार ते आठ गोळ्या?”

“खरी मुळी असती तर. ही तर किती, ते देवच जाणे.”

गोळी आणि मुळी यांत फरक असेल तर तो एवढाच आहे. कंपनीने मुळीत काही दैवी मिसळलेले नाही. मोजमाप तेवढे मिसळले आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही अण्णांना बांद्याच्या डॉक्टरांकडे नेले. तरुण माणूस, ह्याच मुलखातला. दाब १५८ आणि १००, नाडी मिनिटाला ५२. “गोळ्या सोडायच्या आधी तुमचा दाब १३६ होता, काका,” त्यांनी जुना कागद काढून दाखवला. “मुळीनं अगदीच काम केलं नाही असं नाही, काहीच न घेता याहून चढला असता. पण बंद नाक, मंद नाडी, ही सगळी तिचीच खूण. झोपेत स्वप्नं पडतात?”

“घाण पडतात,” अण्णा म्हणाले. हे आम्हां कोणालाच माहीत नव्हते. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी पुढे जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत देतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात तो काही रसायनांच्या द्वारे. ती रसायने लहान लहान कुप्यांत भरून ठेवलेली असतात. रिसर्पिन त्या कुप्या भरू देत नाही. निरोप थांबले की रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. पण त्याच रसायनांवर माणसाचा हुरूपही चालतो. स्वीडनच्या अर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास सशांना रिसर्पिन दिले तेव्हा ते निपचित पडले. मग एल-डोपा हे द्रव्य टोचले तेव्हा उठून चालू लागले. कंपवाताच्या उपचाराची वाट त्या सशांनी दाखवली आणि कार्लसनना २००० साली नोबेल मिळाले. माणसांत मोठ्या मात्रेने काही जणांचे मन खचते असे त्याच काळात डॉक्टरांनी लिहून ठेवले. रिसर्पिनने खिन्नता येते की नाही, यावर आजही वाद आहे. “लहान मात्रेत भीती फारशी नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण तुमच्या चमच्याला मात्रा कुठं आहे, काका?”

मुळी त्या दिवशी बंद झाली आणि आधीच्याच गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी एक बजावले: या औषधाचा अंमल हळूहळू चढतो आणि हळूहळूच उतरतो, दोन-तीन आठवडे धीर धरा. हे लिहितो आहे तेव्हा दसरा झाला आहे. दाब १३८ आणि ८६. वहिनी फोनवर म्हणाल्या, “काल भजनाला गेले. गजर लांबवला म्हणून उशिरा आले, नि जेवण गार झालं.” तक्रारीच्या सुरात इतका आनंद मी क्वचित ऐकला आहे.

चौथ्या दिवशी माझ्या स्नेह्यांना पणजीला जायचे होते. डॉक्टरांनी “फिरवा यांना” म्हटले होते, तेव्हा अण्णाही आले. चर्चच्या चौकाजवळ एक बाग आहे, गार्सिया द ओर्ताच्या नावाची. दुपारी तिथे कॉलेजची मुले बसतात, पेन्शनर डुलकी घेतात. हा ओर्ता कोण, असे कोणी कोणाला विचारीत नाही. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि इथलाच झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला त्याने औषध दिले. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज सरकाराकडून भाडेपट्ट्याने मिळाले होते. म्हणजे ज्या मुंबईत पुढे वकिलांनी मुळीची परीक्षा पाहिली, तिचा हा एके काळचा भाडेकरू! १५६३ साली त्याने गोव्यातच आपला ग्रंथ छापला. एक जिज्ञासू पाहुणा विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो, अशी त्याची मांडणी. त्यात ‘सर्पकाष्ठा’वर एक संवाद आहे; सिंहलद्वीपातले मुंगूस नागाशी लढण्यापूर्वी ही मुळी चावून घेते, अशी कथाही त्यात येते. ओर्ताने सर्पकाष्ठाचे तीन प्रकार सांगितले, त्यांतला एक म्हणजे आपली सर्पगंधा, असे अभ्यासक मानतात.

मला त्या माणसाचे कौतुक वाटते ते निराळ्याच कारणाने. इथल्या वैद्यांना, हकिमांना विचारावे, स्वतः पाहावे, आणि जुन्या ग्रीक ग्रंथांत तसे नसेल तर ग्रंथ बाजूला ठेवावा, हे धाडस त्या काळी सोपे नव्हते. तो ज्यू कुळातला, नावापुरता ख्रिस्ती झालेला. १५६८ मध्ये तो मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जाळले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. अण्णा हे ऐकून बराच वेळ बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, “आणि बाग त्याच्याच नावाची!” आल्यापासून त्यांनी आपण होऊन उच्चारलेले ते पहिले पूर्ण वाक्य.

खरी सर्पगंधा पाहायची राहिली होती. पाचव्या दिवशी, विसर्जनापूर्वी, गावातला एक म्हातारा गुराखी आम्हांला डोंगरात घेऊन गेला. पावसाने वाट निसरडी झालेली, अण्णांच्या हातात काठी. म्हातारा पुढे चालता चालता बोलत होता. “पयलां हयसर टोपलीभर मुळां गावत. मगे व्यापारी इले नि सगळां उपटून घेवन गेले.”

त्याने एका वाक्यात सांगितले ते एका पिढीचे अर्थशास्त्र आहे. १९५० नंतर जगभर रिसर्पिनची मागणी वाढली आणि तराईपासून सह्याद्रीपर्यंत रानातली मुळी खणली जाऊ लागली. पान तोडले तर झाड पुन्हा फुटते. पण इथे औषध मुळात, आणि तेही दोन-तीन वर्षांच्या जून मुळात, मुख्यतः त्याच्या सालीत. म्हणजे औषध काढले की झाड संपले. पुढे कारखान्यांनी आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीकडे मोर्चा वळवला. १९९० मध्ये सर्पगंधेचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या यादीत गेले, आणि रानातून खणलेली मुळी देशाबाहेर पाठवायला आपल्याकडेही बंदी आली. शेतात ती लावता येते, लावतातही. पण बाजारात बसणाऱ्याला रानातली फुकट मिळते.

“मुंगूस हिचं मूळ खातं म्हणतात, खरं का?” मी म्हाताऱ्याला विचारले.

“माणसां खाताना बघलंय,” तो म्हणाला. “मुंगसाक कधी बघूक नाय.”

एका घळीत, ओल्या पाचोळ्यात, झाडांच्या सावलीला त्याने काठी टेकली. तीन झुडपे होती. माझे स्नेही गुडघ्यांवर बसले. पेरापेरावर तीन-तीन पाने, वरून गर्द, खालून फिकी. एका तुऱ्यावर उशिरा आलेली चार फुले अजून होती, पाकळ्या पांढऱ्या, देठ आणि पुष्पकोश लालभडक. दुसऱ्यावर जांभळट काळी फळे जोडीजोडीने. मला वाटले ते एखादी मुळी उकरून दाखवतील. त्यांनी पाचोळासुद्धा हलवला नाही. वहीत फक्त ‘३’ लिहिले.

“बी रुजतं का हिचं?” अण्णांनी विचारले.

“रुजतं, पण फार थोडं.”

चार पिकली फळे खाली गळून पडली होती. अण्णांनी ती उचलली, काठीच्या टोकाने जरा वरच्या अंगाला भोके केली आणि एकेक फळ आत सरकवून माती दाबली. वयाच्या मानाने वाकायला त्यांना त्रास होत होता. आम्ही कोणी मदतीला गेलो नाही. म्हातारा पाहत उभा होता. परतताना त्याने माझी बाही धरली.

“तुमी लिवतास मां? जागा कोणाक सांगू नकात.”

मी त्याला तसे वचन दिले. म्हणून गावाचे आणि डोंगराचे नाव या लेखात आलेले नाही.